पाच हजार क्रोनांचा धबधबा

(पाण्याचा आवाज. मग निवेदन.)

हा डेट्टिफोस. आइसलँडच्या ईशान्य भागात हिमनदीचं गढूळ, राखाडी पाणी इथे १०० मीटर रुंदीने ४४ मीटर खाली कोसळतं.

आणि हा पुन्हा डेट्टिफोसच, कागदावरचा. क्रोना हे आइसलँडचं चलन, आणि ५००० क्रोनांच्या जुन्या नोटेची ही मागची बाजू. भिंग थोडं खाली घेऊ. पाण्याची प्रत्येक धार म्हणजे बारीक, तुटक रेषांचा झुबका. फेसाच्या जागी रेषा विरळ होतात आणि पांढरेपणाचं काम कागदच करतो.

ही रेषा आधी धातूच्या पाटीवर हाताने कोरली जाते. कोरलेल्या खाचांत शाई भरायची, पाटीचा वरचा भाग पुसून घ्यायचा आणि प्रचंड दाबाखाली कागद त्यावर दाबायचा. खाचेतली शाई कागदावर उचलली जाते आणि उठून राहते. म्हणून अशी नोट कडेला धरून उजेडात तिरकी करा. बघा, रेषा कशा वर आल्यात! इंग्लंडच्या ब्रॅडबरी विल्किन्सन छापखान्याचं हे काम.

पुढच्या बाजूला एनार बेनेडिक्टसन. कवी. आइसलँडच्या धबधब्यांतून वीज काढायचं स्वप्न त्यांनी आयुष्यभर पाहिलं आणि डेट्टिफोसवर कविताही लिहिली. एका अंगाला कवी, दुसऱ्या अंगाला त्याचा धबधबा. चलनी नोटेवर इतकी नेमकी जोडी क्वचितच सापडते.

आता नवख्या संग्राहकाला हमखास चकवणारी जागा. नोटेवर तारीख आहे २९ मार्च १९६१. ज्या कायद्याखाली नोट काढली, त्या कायद्याची ती तारीख. ५००० ची नोट चलनात आली ती १९७१ मध्ये. १००० च्या नोटेवरही हीच तारीख दिसते. तिच्या पुढे आइसलँडच्या स्वातंत्र्य चळवळीचे नेते योन सिगुर्दसन, मागे थिंगवेलिरचा परिसर, जिथे सन ९३० मध्ये आइसलँडच्या लोकांची सभा भरू लागली. म्हणून नोटेच्या वयाचा माग काढायचा तर सह्या बघाव्या लागतात. मध्यवर्ती बँकेचे अधिकारी बदलले की सह्यांची जोडी बदलते आणि संग्राहकासाठी नोट वेगळी ठरते.

सत्तरच्या दशकात महागाई भडकली, आणि १ जानेवारी १९८१ ला १०० जुन्या क्रोनांचा १ नवा क्रोना झाला. ५००० ची किंमत उरली ५०.

नवी ५००० ची नोट १९८६ मध्ये आली. तिच्यावर राग्नहैदुर योन्सदोत्तिर, सतराव्या शतकातली भरतकाम शिकवणारी बाई. मागच्या बाजूला ती दोन मुलींना नमुने दाखवतेय. देशातल्या त्या वेळच्या सर्वांत मोठ्या नोटेवर सुई-दोऱ्याचं काम, आणि नोटेची रचना करणारीही एक स्त्रीच: क्रिस्तीन थोर्केल्सदोत्तिर. माझ्या मते प्रत्येक संग्रहात ही नोट जुन्या ५००० च्या शेजारी हवी.

(टेबलावर दोन नोटा. एक करकरीत, एक धुऊन इस्त्री केलेली.)

या दोन्ही जुन्या ५००० च्या, एकाच छपाईच्या. उजवीकडची कुणीतरी धुतली, वर इस्त्री फिरवली. घडी गेली खरी, पण तिच्याबरोबर रेषांचा उठावही दबला. धबधबा सपाट झालाय. बोट फिरवलं तरी हाताला काही लागत नाही. डाग असू दे, घडी असू दे, मिळाली तशीच नोट पाकिटात ठेवा. पाकीट पीव्हीसी (एक प्रकारचं प्लास्टिक) नसलेलं घ्या, आणि उन्हापासून लांब.