न्हावी, चेंडू आणि रोमचा कायदा

मित्रहो, रोममधला एक न्हावी उघड्यावर खुर्ची मांडून एका गुलामाची दाढी करतो आहे. जवळच काहीजण चेंडू खेळताहेत. एकाने जोरात मारलेला चेंडू न्हाव्याच्या हातावर आदळतो, वस्तरा सरकतो आणि गुलामाचा गळा चिरला जातो. आता सांगा, भरपाई कोणी द्यायची? चेंडू मारणाऱ्याने की न्हाव्याने?

अल्पियन नावाच्या कायदेपंडिताने तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला हा प्रश्न लिहून ठेवला. स्वतःचे मत देण्याआधी तो दोन जुन्या पंडितांची मते सांगतो. मेला नावाचा पंडित म्हणतो, ज्याचा दोष असेल तो जबाबदार. प्रोक्युलस म्हणतो, दोष न्हाव्याचा. अल्पियनला हे पटते, पण तो एक अट घालतो: जिथे नेहमी खेळ चालतो किंवा वर्दळ असते अशा जागी न्हाव्याने खुर्ची मांडली असेल, तर दोष त्याच्याकडे जातोच. आणि पुढे जोडतो की, धोक्याच्या जागी बसलेल्या न्हाव्यापुढे जो आपण होऊन मान देतो त्याने स्वतःलाच बोल लावावा, हेही म्हणणे रास्त आहे.

अवघ्या चार-पाच ओळींचा मजकूर आहे हा. धोका आधी ओळखता आला असता का, काळजी घेणे कोणाचे काम होते, नुकसान झालेल्याचाही त्यात वाटा होता का, हे सगळे प्रश्न त्यात आले. आज मोटार अपघाताच्या दाव्यात दोन्ही बाजूंचे वकील याच मुद्द्यांवर भांडतात. रोमचे रस्ते, कमानी, स्नानगृहे मलाही आवडतात. पण रोमने जगाला दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट मी इथे पाहतो. एखादा प्रसंग घ्यायचा, त्यावर मते मांडायची, प्रत्येक मतामागचे कारण द्यायचे, आणि आपल्याशी न जुळणारे मतही नावानिशी नोंदवून ठेवायचे.

याची सुरुवात मात्र फार कडवट आहे. आरंभीच्या रोममध्ये कायदा ठाऊक असायचा तो उच्चकुलीन पुरोहितवर्गाला. दावा कोणत्या शब्दांत मांडायचा, कोणत्या दिवशी मांडायचा, हे तेच सांगणार. सामान्य माणसांनी दीर्घकाळ भांडून कायदा लिहून घेतला आणि इ.स.पू. 451-450 च्या सुमारास बारा पट्टिका भर चौकात, फोरममध्ये लागल्या. त्यात दया शोधू नका. कर्ज कबूल झाल्यावर फेडायला 30 दिवस. नाही फेडले तर सावकार कर्जदाराला बेड्या घालून 60 दिवस ठेवणार, लागोपाठ तीन बाजारांच्या दिवशी त्याला लोकांसमोर उभे करून कर्जाची रक्कम पुकारली जाणार, आणि तरीही कोणी सोडवायला आले नाही तर त्याला ठार मारायचे किंवा टायबर नदीपलीकडे गुलाम म्हणून विकायचे. भयंकर आहे हे. तरीसुद्धा सावकाराला किती दिवस थांबावेच लागेल, हे आता कर्जदारालाही माहीत होते. रोमचा प्रसिद्ध वक्ता सिसेरो सांगतो की त्याच्या लहानपणी शाळकरी मुले या पट्टिका पाठ करत.

दाव्यांची ठरीव वाक्ये आणि न्यायालयीन दिवसांची यादी तरीही पुरोहितांच्याच हाती राहिली. इ.स.पू. 304 मध्ये ग्नेयस फ्लावियस या कारकुनाने ती सगळी लोकांसाठी उघड केली. त्याचा बाप मुक्त झालेला गुलाम होता.

पुढचे काम प्रेटर या न्यायाधिकाऱ्यांनी केले. प्रेटर दरवर्षी निवडला जाई, आणि आपण कोणत्या प्रकारच्या तक्रारी ऐकू हे वर्षारंभीच पांढऱ्या फळीवर लिहून लावी. नवा प्रेटर बहुतेक मजकूर जुनाच ठेवी, एखादी भर घाली. कायदा असा वर्षावर्षाने वाढत गेला.

त्यातली एक भर मला फार आवडते. रोममध्ये लोक कित्येक मजली इमारतींमध्ये दाटीवाटीने राहत. वरून कोणी पाणी ओतले, भांडे फेकले, खाली कोणाला लागले, तर टाकले कोणी हे सिद्ध करणार कसे? प्रेटरने ठरवले, सिद्ध करायची गरजच नाही. ज्या घरातून वस्तू पडली तिथे राहणाऱ्याने दुप्पट भरपाई द्यायची. अनेकजण राहत असतील तर कोणाही एकाकडून सगळी वसूल करता येईल. स्वतंत्र माणूस मेला तर 50 सुवर्णमुद्रा. जखमी झाला तर वैद्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी न्यायाधीशाने मोजायची. पण जखमेच्या व्रणाचे, विद्रूपतेचे काय? गायस हा पंडित लिहितो, त्याची किंमत लावायची नाही. कारण स्वतंत्र माणसाच्या शरीराला किंमत लावता येत नाही.

हे वाक्य वाचताना अंगावर काटा येतो, आणि लगेच तो न्हाव्यापुढचा गुलाम आठवतो. त्याच्या शरीराला किंमत होती. ती भरपाई त्याच्या मुलाबाळांना मिळणार नव्हती, मालकाला मिळणार होती, जशी मेलेल्या बैलाची मिळते. फ्लोरेंटिनस हा पंडित स्पष्ट लिहितो की गुलामगिरी निसर्गाच्या विरुद्ध आहे. अल्पियन लिहितो, निसर्गाच्या कायद्यात सगळी माणसे समान. हे लिहिले गेले आणि गुलामांचा बाजार चालूच राहिला. रोमचे गुणगान करताना आपण हे झाकता कामा नये. स्त्रियांचेही तसेच. सज्ञान स्त्रीलासुद्धा पालक हवा असा नियम होता. गायस विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकात म्हणतो, स्त्रिया चंचल असतात हे त्यामागे सांगितले जाणारे कारण वरवर पटण्यासारखे आहे, खरे नव्हे. सज्ञान स्त्रिया आपले व्यवहार स्वतःच पाहतात. दुसऱ्या शतकातला शिक्षक वर्गात असे सांगतो, हे मला महत्त्वाचे वाटते. नियमामागचे कारण मागायची सवय लागली की तो नियम कधीतरी उघडा पडतोच.

ही माणसे सुरक्षित अभ्यासिकेत बसलेली नव्हती. पपिनियन या कायदेपंडिताला 212 मध्ये सम्राट काराकल्लाने मारवले. सम्राटाने भावाचा केलेला खून योग्य होता असे म्हणायला त्याने नकार दिला, असे सांगितले जाते. अल्पियनला सम्राटाच्याच अंगरक्षक दलाने ठार केले.

पश्चिमेचे साम्राज्य 476 मध्ये संपले. त्यानंतर अर्ध्या शतकाने पूर्वेच्या साम्राज्याच्या राजधानीत, कॉन्स्टँटिनोपलमध्ये, सम्राट जस्टिनियनने ट्रिबोनियन या कायदेपंडिताच्या हाताखाली पंडित बसवले. जुन्या पंडितांच्या सुमारे 2,000 पुस्तकांतल्या 30 लाख ओळी त्यांनी दीड लाखांवर आणल्या, असे जस्टिनियन स्वतः सांगतो. 533 मध्ये ‘डायजेस्ट’ हे संकलन तयार झाले. प्रत्येक उताऱ्यावर मूळ पंडिताचे आणि पुस्तकाचे नाव ठेवले, म्हणून तर आज आपल्याला मेला आणि प्रोक्युलस भेटतात. ग्रंथात परस्परविरोध उरू नये अशी सम्राटाची आज्ञा होती. ती पुरती पाळली गेली नाही, हे आपले नशीब. अकराव्या शतकाच्या अखेरीस इटलीतल्या बोलोन्यात या ग्रंथाचे अध्यापन सुरू झाले ते त्या विरोधांवरच खल करत, आणि तिथून शिकून गेलेल्यांनी युरोपभर न्यायालये चालवली. 1804 ची फ्रेंच संहिता, 1900 पासूनची जर्मन संहिता, ही त्याच घराण्यातली.

आणि गोवा. पोर्तुगालची 1867 ची नागरी संहिता 1 जुलै 1870 पासून गोव्यात लागू झाली. 1961 मध्ये पोर्तुगीज गेले, संहिता राहिली. खुद्द पोर्तुगालने 1966 मध्ये नवी केली. गोव्यातल्या माणसाला मुले असतील तर त्याला मृत्युपत्राने फक्त निम्म्या मालमत्तेची मनाजोगी व्यवस्था लावता येते. उरलेली निम्मी मुलांची, मुलगा-मुलगी भेद न करता. हे मूळ थेट रोमचे. मृत्युपत्रातून डावललेली मुले तिथे दाद मागत. त्यासाठी वाट्याचे प्रमाण ठरले आणि जस्टिनियनने 536 मध्ये ते वाढवले: चारपर्यंत मुले असतील तर एक तृतीयांश, जास्त असतील तर निम्मे. मात्र गोव्यातला पती-पत्नींच्या सामाईक मालमत्तेचा नियम रोमच्या खात्यावर मांडू नका. रोमन दांपत्याची मालमत्ता वेगवेगळी असे. नवराबायकोंनी एकमेकांना दिलेली देणगीही कायदा मानत नसे.

गोव्याबाहेरच्या श्रोत्यांनी मात्र हे आपले नव्हे असे समजू नये. जस्टिनियनच्या पाठ्यपुस्तकात एक वाक्य आहे: हवा, वाहते पाणी, समुद्र आणि समुद्राचा किनारा या निसर्गतः सर्वांच्या गोष्टी आहेत. किनाऱ्यावर कोणीही झोपडी उभारावी, जाळी वाळत घालावीत. नदीकाठची जमीन शेजारच्या मालकाची असली, तरी तिथल्या झाडाला नाव बांधायचा आणि माल उतरवायचा हक्क सर्वांना आहे. हे वाचताना मला कोकणातले कोळीवाडे दिसतात.

हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या काठी एका मोटेलला वनजमीन भाडेपट्ट्याने दिली गेली, आणि मोटेल वाचवण्यासाठी नदीचा प्रवाह वळवण्यात आला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 1996 च्या डिसेंबरमधल्या निकालात न्यायालयाने रोमन कायद्यातल्या या कल्पनेचा नाव घेऊन आधार घेतला: नद्या, किनारे, जंगले यांचे सरकार विश्वस्त आहे, ती खासगी मालकीच्या स्वाधीन करण्याचा त्याला अधिकार नाही. भाडेपट्टा रद्द झाला, ती जमीन ताब्यात घेऊन पूर्ववत करण्याचा आदेश राज्य सरकारला मिळाला, आणि मोटेलने पर्यावरण पूर्ववत करण्याचा खर्च भरपाई म्हणून द्यावा असे ठरले. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी हा निकाल मुळातून वाचावा, आणि शेजारी जस्टिनियनचे ते पान उघडे ठेवावे.