बायकोला विचारून सांगतो

(मंडळाच्या वसंत मेळाव्यातील भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, नमस्कार.

ईस्टर जवळ आलाय म्हणून मला बोलायला उभं केलंय, पण ‘प्रवचन नको हं’ असं अध्यक्षबाईंनी बजावलंय. शिवाय मागे वडे तळले जातायत, तो वास मलाही येतोय. तेव्हा थोडक्यात.

मी बडोद्याचा. दांडिया बाजारात वाढलो. घरात मराठी, चर्चमध्ये गुजराती आणि रात्रीच्या प्रार्थनेला रेव्हरंड टिळकांची भजनं. रविवारी उपासना आटोपली की कमाटी बाग ठरलेली. आधी म्युझियममधला व्हेलचा सांगाडा, मग सेवउसळ. त्या बागेत आपल्याआधी कोण बसून गेलंय हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. चर्चमध्ये कधी कुणी सांगितलं नव्हतं.

१९१७ साल. सव्वीस वर्षांचे भीमराव आंबेडकर कोलंबिया आणि लंडनला शिकून सयाजीरावांच्या नोकरीत रुजू झाले. अख्ख्या शहरात त्यांना खोली मिळेना. शेवटी पारशी नाव लावून एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी दहा-बारा जण लाठ्या घेऊन दारात उभे. संध्याकाळपर्यंत जागा सोड, म्हणाले.

गावात ओळखीचे दोघे होते. हिंदू मित्र म्हणाला, तू आलास तर माझे नोकर निघून जातील. दुसरा मित्र ख्रिस्ती. तो म्हणाला, बायको उद्या येतेय, तिला विचारून सांगतो. नवरा-बायको दोघंही मूळचे ब्राह्मण घराण्यातले. धर्मांतरानंतर नवऱ्याचे विचार बदलले होते, बायकोचं सोवळं सुटलं नव्हतं. ते उत्तर म्हणजे गोड शब्दांतला नकार होता हे पुढे आपल्याला कळलं, असं बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. त्या घरातून ते चार वाजता निघाले. मुंबईची गाडी रात्री नऊची. मधला वेळ कुठे काढायचा? कमाटी बागेत.

ही हकिकत वाचताना बहुतेकांच्या डोळ्यांपुढे लाठीवाले येतात. मला तो ख्रिस्ती गृहस्थ दिसतो. सभ्य माणूस. रविवारी माझ्याच बाकावर बसला असता.

आता मार्काच्या शुभवर्तमानाचा पहिलाच अध्याय. एक कुष्ठरोगी येशूकडे येतो. नियमाप्रमाणे त्याने वस्तीबाहेर राहायचं आणि ‘अशुद्ध, अशुद्ध’ असं ओरडायचं. (बायबलमधला तो शब्द त्वचेच्या अनेक विकारांना लागायचा, आजच्या कुष्ठरोगापुरता तो नव्हता.) येशू आधी त्याला हात लावतो, मग बरं करतो. नुसत्या शब्दानेही करता आलं असतं, इतर ठिकाणी केलंय त्याने. इथे मात्र आधी हात. मग सांगतो, जा, याजकाला, म्हणजे पुरोहिताला, दाखव. कारण कातडी साफ होऊन भागत नाही, ‘हा आता गावात येऊ शकतो’ असं कुणीतरी म्हणावं लागतं.

माझी आई कुष्ठरोग विभागात नर्स होती. ऐंशीच्या दशकात नवी औषधं आली. सहा महिने ते दोन वर्षं गोळ्या घेतल्या की माणूस बरा. पेशंट बरे व्हायचे, न्यायला मात्र कुणी यायचं नाही. एक आजोबा डिस्चार्जचा कागद प्लॅस्टिकमध्ये घालून खिशात ठेवायचे, बसमध्ये कंडक्टरने हटकलं तर दाखवायला. घटस्फोटासाठी कुष्ठरोग हे कारण आपल्याकडे कायद्यात २०१९ पर्यंत होतं. बरा झालेला माणूस गावात नेणारा याजक कुठून आणायचा, हा प्रश्न आईला गोळ्यांपेक्षा अवघड वाटायचा.

मार्काच्या त्या गोष्टीचा शेवट प्रवचनांत सहसा गाळतात. बरा झालेला माणूस सगळीकडे सांगत सुटतो, आणि मग येशूलाच उघडपणे गावात जाता येत नाही. तो बाहेर, ओसाड जागी राहतो. आत-बाहेरची अदलाबदल झाली.

मागच्या हिवाळ्यात मला एका मुलाचा फोन आला. नवा विद्यार्थी, मंडळाच्या ग्रुपवरून नंबर मिळालेला. ‘काका, वरची खोली रिकामी आहे ना?’ बोलणं छान चाललं होतं. मुलगा प्रामाणिक. म्हणाला, ‘आधीच सांगतो, दोन वर्षांपूर्वी टीबी झाला होता. कोर्स पूर्ण झालाय, रिपोर्ट पाठवू का?’

टीबीची औषधं पूर्ण झाल्यावर लागण होत नाही हे नर्सच्या पोराला कुणी सांगायला नको. मी काय म्हणालो? ‘अरे, काकू उद्या येतायत, त्यांना विचारून सांगतो.’

फोन ठेवला आणि कानात तेच वाक्य वाजत राहिलं. ही दुसऱ्या दिवशी आली. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, ‘त्यात माझं नाव कशाला घातलंस?’

लगेच फोन लावला. त्याने तोवर बसने तासभर लांब खोली घेतली होती. ‘काही हरकत नाही काका,’ म्हणाला. सवय असल्यासारखा म्हणाला.