वाटणी मागणारा धाकटा

[दृश्य: रविवारची उपासना. पुलपिटावर, म्हणजे प्रवचनाच्या चौथऱ्यावर, उघडं बायबल.]

वचन वाचून झालं. बायबलमधलं लूकचं शुभवर्तमान, अध्याय १५: येशूनं सांगितलेली उधळ्या धाकट्या मुलाची गोष्ट. आता पुढची वीस-पंचवीस मिनिटं पाळकांची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंची. ते मंडळीकडे बघून विचारतात, "बाप जिवंत असताना वाटणी मागणाऱ्या पोराला तुमच्या गावात काय म्हणतात हो?" मागच्या बाकांवर खसखस पिकते. प्रवचनाला सूर सापडला.

[दृश्य: गोव्यातलं जुनं चर्च, राशोल.]

ऐकणाऱ्याच्या कानाची ही ओळख मराठीत जुनी आहे. गोव्याच्या साष्टी भागातल्या नव्या ख्रिस्ती लोकांची पुराणं सुटली होती. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं (जेझुइट म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) त्यांना नवं पुराण रचून दिलं. १६१६ साली छापलेलं 'क्रिस्तपुराण'. जवळपास ११,००० ओव्या, छपाई रोमन लिपीत, भाषा मात्र मराठी. चर्चमध्ये ते मोठ्यानं वाचलं जाई.

[दृश्य: टाळ, मृदंग. कीर्तनकार उभा.]

पुढे अहमदनगरच्या मिशनमध्ये ख्रिस्ती कीर्तन उभं राहिलं. पूर्वरंगात वचनाचा उलगडा, मध्यंतरी भजन, उत्तररंगात आख्यान. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक अशी कीर्तनं करत, त्यासाठी अभंग रचत. तीन मुद्द्यांचं, एकाच अक्षरानं सुरू होणाऱ्या मथळ्यांचं प्रवचनही चांगलंच. पण घरी जाताना ते मुद्दे कुणाला आठवतात? आख्यान आठवतं.

[दृश्य: पुन्हा उपासना.]

धाकट्यानं पैसा उडवला. दुष्काळ पडला. डुकरं चारताना त्यांच्या शेंगांवर त्याची नजर गेली. इथे पाळक घाई करत नाहीत. भूक ऐकणाऱ्याच्या पोटात उतरू देतात. मग घराची वाट. पोरगा अजून लांब आहे, तेवढ्यात बाप धावत निघतो. म्हातारा माणूस, भर रस्त्यात, धोतर सावरत! (धोतर लूकच्या पानात नाही. ते पाळकांनी नेसवलं, आणि बरं केलं.)

खरी कसोटी शेवटी. घरात वाजतंगाजतंय. थोरला शेतावरून येतो, ऐकतो, रुसून अंगणातच थांबतो. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. येशूनं गोष्ट तिथेच सोडली आहे. नवखा उपदेशक पुढचं स्वतः जोडतो, दोघा भावांची गळाभेट घडवून आणतो. आजचे पाळक बायबल मिटतात, खाली बसतात.

थोरला अजून अंगणातच आहे.