के नऊ वजा एक

नमस्कार श्रोतेहो. मला कॉम्प्युटरचं वेड आहे, अवकाशातल्या मालिकांचं वेड आहे आणि व्हिडिओ गेम्सचंही. ही तीन वेडं माझ्यासाठी कधी वेगळी नव्हतीच, कारण ती मला एकाच कागदावर भेटली. त्या कागदाची गोष्ट आज सांगणार आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. ‘स्टार ट्रेक’ ही मालिका अमेरिकेत १९६६ साली सुरू झाली आणि तीन हंगाम, ७९ भाग चालली. पैसे बेताचे होते. दर आठवड्याला एवढं मोठं यान नव्या ग्रहावर उतरवून दाखवणं परवडणार नव्हतं, म्हणून माणसं प्रकाशात विरघळून थेट ग्रहावर उभी राहतात अशी युक्ती निघाली. मालिकेतली सगळ्यांच्या लक्षात राहिलेली गोष्ट ही अशी काटकसरीतून आलेली. हल्लीच्या मालिकांत स्फोट फार आणि संवाद थोडे, हे मला खटकतं. तीन माणसं एका खोलीत बसून एखाद्या परग्रहवासीयाशी कसं वागावं यावर वाद घालतायत, हे बघायला मी आजही रात्र जागवेन.

तर १९७१ साली कॅलिफोर्नियात माइक मेफील्ड नावाच्या शाळकरी मुलाने या मालिकेवर एक गेम लिहिला, बेसिक नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत. चित्रं नाहीत, रंग नाहीत, आवाज नाही. तेव्हा अनेकांकडे पडदासुद्धा नव्हता, टेलिटाइप नावाचं टाइपरायटरसारखं यंत्र खटखट करत कागदावर नकाशा छापायचं. चांदणी म्हणजे तारा, के अक्षराची खूण म्हणजे शत्रू. आठ गुणिले आठ, म्हणजे ६४ चौकोनांची आकाशगंगा, आणि त्यातल्या प्रत्येक चौकोनात पुन्हा ६४ घरं. पुढे डेव्हिड अहल यांनी तो १९७३च्या आपल्या पुस्तकात छापला, मग बॉब लीडम यांनी तो वाढवला. छापला म्हणजे अक्षरशः छापला. गेम विकत घ्यायचा नाही, पुस्तकातून वाचायचा आणि स्वतः टाइप करायचा. वाचायचा आणि टाइप करायचा, हे लक्षात ठेवा.

हा गेम माझ्यापर्यंत पोचला तो सांगलीत, १९९३ साली. मी नववीत होतो. आमच्या कॉम्प्युटरच्या सरांनी पुण्याहून त्याची झेरॉक्स आणली होती. झेरॉक्सची झेरॉक्स. चारशेहून जास्त ओळी. लॅबमध्ये चपला बाहेर काढून जायचं, शनिवारी अर्धा तास मिळायचा. आधी कॉम्प्युटर सुरू करणारी डॉसची फ्लॉपी घालायची, मग आपली. वीज कधी जाईल याचा नेम नसायचा, म्हणून दर दहा ओळींनी सेव्ह करायचं. जूनमध्ये सुरुवात केली आणि दिवाळीच्या सुट्टीआधी शेवटची ओळ टाइप करून रन म्हटलं.

चाललं! यान आलं, तारे आले, शत्रू १७ आहेत असा हुकूम आला. मी लढलो. आणि जेमतेम नऊ शत्रू पडले असतील, तेवढ्यात पडद्यावर माझं अभिनंदन झालं. सगळे शत्रू संपले म्हणे. नकाशावर तर के दिसत होते.

पुन्हा खेळलो. फेझर, म्हणजे यानाचं किरणांचं शस्त्र, वापरला की हिशोब बरोबर. टॉर्पेडो सोडला की कधी बरोबर, कधी चूक. एकदा एकाच टॉर्पेडोत तीन शत्रू वजा झाले. दोन शनिवार गेले. सर म्हणाले, “घरी नेऊन ओळी ताडून बघ.” त्यांनी माझा प्रोग्राम छापून दिला, दोन्ही कडांना भोकं असलेल्या त्या लांबलचक कागदावर.

आमचे अण्णा एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. कॉम्प्युटर त्यांनी लांबूनसुद्धा पाहिला नव्हता. रात्री जेवणं झाल्यावर मी दोन्ही कागद पसरून एकटाच डोळे फोडत बसलो होतो. ते आले, बघितलं आणि म्हणाले, “अरे, प्रूफ असं एकट्यानं वाचतात होय? एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने प्रुफावर डोळा ठेवायचा. वाच तू.”

“अण्णा, तुम्हाला यातलं काही कळणार नाही.”

“कळायला कशाला पाहिजे? अर्थ कळला की डोळा पुढे पळतो. वाच. कंससुद्धा वाच, स्वल्पविरामसुद्धा.”

मी वाचायला लागलो. कंस सुरू, आय, स्वल्पविराम, एक, कंस पूर्ण. अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला आणि हातात भिंग घेतलं. लाल पेन्सिल ओळीखालून सरकत होती. आईने मध्ये दोनदा चहा दिला. साडेदहा वाजून गेले असतील. मी वाचलं, “के तीन बरोबर के तीन वजा एक. के नऊ बरोबर के नऊ वजा एक.”

“थांब. इथे एक नाही.”

“एकच आहे, अण्णा.”

“याच ओळीतला आधीचा एक बघ. त्याला डोक्यावर नाक आहे. याला वर आणि खाली सारखीच पट्टी. हे अक्षर वेगळं आहे.”

ते इंग्रजी आय होतं. झेरॉक्सवर तो आकडा पुसट होता आणि टाइप करताना मी आय समजलो होतो. पण मोठ्याने वाचताना, बघा, माझ्या तोंडून आपसूक ‘एक’च आलं. डोळा चुकला होता, जीभ चुकली नव्हती.

आणि एका झटक्यात सगळं उलगडलं. के नऊ म्हणजे शिल्लक राहिलेल्या एकूण शत्रूंचा आकडा. एका चौकोनात जास्तीत जास्त तीन शत्रू. टॉर्पेडो कितव्या शत्रूला लागला तो क्रमांक प्रोग्राम आय मध्ये ठेवतो. पहिल्याला लागला तर एक वजा, म्हणून हिशोब बरोबर. तिसऱ्याला लागला तर तीन वजा! फेझरची ओळ वेगळी होती आणि ती मी नीट टाइप केली होती. कॉम्प्युटरने कुठेही चूक दाखवली नाही, कारण त्याच्या दृष्टीने वाक्य शुद्धच होतं.

म्हणून कोड शिकणाऱ्या मुलांना मी सांगतो, आधी वाचा. मोठ्याने वाचा, दुसऱ्याला ऐकवत वाचा. आयता कोड उचलून चिकटवला तर तो चालेल, पण तुमचा होणार नाही. हाताने टाइप करा. गेम्सच्या बाबतीतही माझं हेच म्हणणं आहे, नीट बघा. आपण ज्याची कॅसेट फुंकून फुंकून लावायचो तो १९८५चा मारिओ अवघ्या ४० केबीचा. त्यातले ढग आणि झुडपं हे एकच चित्र, फक्त रंग वेगळा. कितीतरी वर्षं खेळूनही हे आपल्या ध्यानात येत नाही, आणि एकदा कळलं की प्रत्येक झुडपात ढग दिसतो. (त्या कॅसेटमध्ये फुंकर मात्र मारू नका. तोंडातल्या दमटपणाने तिच्या पट्ट्या गंजतात. कुणाकडे माळ्यावर अजून असेल तर कापसाने पुसा.)

त्या रात्री अण्णा तिथेच थांबले नाहीत. चूक सापडली तरी उरलेल्या दीडशे ओळी त्यांनी वाचून घेतल्या, आणखी दोन स्वल्पविराम पकडले. मग शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात, छापखान्यात करायचे तशी, लाल पेन्सिलीने सही केली, तारीख घातली आणि वर लिहिलं, ‘दुरुस्तीनंतर छापावे’.

पुढच्या शनिवारी सतराच्या सतरा शत्रू मोजून पडले. तो कागद माझ्याकडे आहे. पेन्सिल जरा फिकट झाली आहे, पण वाचता येते. नमस्कार.