उंच कोण आणि वेगात कोण?

(पडद्यावर हिरवा फळा. डावीकडे सारणी, उजवीकडे आलेख. खडूचा आवाज थांबतो.)

फळ्यावर पाण्याच्या दोन टाक्या आहेत. चित्रातल्या नव्हे, आकड्यांतल्या.

पहिल्या टाकीची सारणी मांडलीय. सुरुवातीला ५० लिटर. ४ मिनिटांनी ७४, ८ मिनिटांनी ९८, १२ मिनिटांनी १२२. दुसऱ्या टाकीचा आलेख काढलाय. आरंभबिंदूतून निघालेली सरळ रेषा. आडव्या अक्षावर एक चौकट म्हणजे २ मिनिटं, उभ्या अक्षावर एक चौकट म्हणजे ८ लिटर. रेषा एक चौकट पुढे सरकते तेव्हा दोन चौकटी वर चढते.

बाई विचारतात, "कुठली टाकी जास्त वेगाने भरतेय?"

वर्ग आठवीचा. हात भराभर वर जातात आणि उत्तर जवळजवळ एकमताने येतं: पहिली.

"का रे?"

"आकडे मोठे आहेत, बाई. १२ मिनिटांनी हिच्यात १२२ लिटर. तिच्यात फक्त ९६."

मागच्या बाकावरची एक मुलगी जरा वेळ घेते. "बाई, सारणीत दर वेळी २४ ने वाढतंय. आलेखात १६ ने. म्हणून पहिली."

(दोन्ही उत्तरं फळ्यावर एकाखाली एक लिहिली जातात. कोणतंही खोडलं जात नाही.)

दोन्ही उत्तरं चूक आहेत. पण चुकीची जात वेगळी आहे, आणि शिकवणाऱ्याला सगळ्यात मोलाचं काही मिळत असेल तर ते इथेच. मुलाने बघितलं टाकीत पाणी किती आहे. प्रश्न होता ते किती झपाट्याने वाढतंय. मुलीने मात्र वाढच बघितली. ती अर्ध्या वाटेवर पोहोचलीय. फक्त वाढ व्हायला मिनिटं किती लागली, हे बघायचं तिच्याकडून राहिलं. सारणीतले २४ लिटर ४ मिनिटांत आले, म्हणजे मिनिटाला ६. आलेखातले १६ लिटर २ मिनिटांत आले, म्हणजे मिनिटाला ८. दुसरी टाकी वेगात आहे.

वही तपासताना दोघांनाही सारखीच फुली मिळाली असती. फुलीला जात कळत नाही.

आता हाच प्रश्न बाईंनी दुसऱ्या पद्धतीने विचारला असता तर? क्ष म्हणजे मिनिटं, य म्हणजे लिटर. पहिली टाकी: य = ५० + ६क्ष. दुसरी टाकी: य = ८क्ष. सांगा, कुठली वेगात? मुलांनी क्ष शेजारचे आकडे बघितले असते, ६ पेक्षा ८ मोठे, झालं. सगळा वर्ग बरोबर. आणि कुणाला काय कळलंय, याचा बाईंना पत्ता नाही. म्हणूनच एक फल (फंक्शन, म्हणजे एक राशी बदलली की दुसरी कशी बदलते याचा नियम) सारणीत, दुसरं आलेखात, तिसरं शब्दांत, चौथं समीकरणात, अशी सरमिसळ मुद्दाम करायची. रूप वेगळं असलं की आकडे शेजारी ठेवून नुसते बघता येत नाहीत. मुलाला दोन्हीकडून एकच गोष्ट खणून काढावी लागते: दर एका मिनिटाला किती? अमेरिकेत २०१० साली आलेल्या गणिताच्या सामाईक मानकांमध्ये आठवीसाठी नेमकं हेच वेगळं कलम म्हणून आहे. वेगवेगळ्या रूपांत दिलेल्या दोन फलांची तुलना.

(आलेखावर बोट फिरतं. रेषा हळूहळू वर चढते.)

बाई अजून एक प्रश्न टाकतात. "दुसरी टाकी वेगात असेल, तर ती पहिलीला कधीतरी गाठेल ना? कधी?"

पहिलीला ५० लिटरची आघाडी आहे. दुसरी दर मिनिटाला २ लिटर जास्त भरते. म्हणजे २५ मिनिटं. त्या वेळी दोन्हींत २०० लिटर. हे कुणीतरी तोंडी करतं, कुणी सारणी पुढे वाढवत नेतं, कुणी आलेखावर दोन्ही रेषा काढून त्या छेदतात कुठे ते बघतं. तिन्ही वाटांनी २५ आलं की वर्गात एक बारीकसा गलका होतो. माझ्या मते तो गलका ऐकण्यासाठी पाच मिनिटं खर्च करायला हरकत नाही.

(पडदा बदलतो. जुन्या कागदावर तिरक्या रेषांचं दाट जाळं.)

चढ आणि वेग यांचं नातं डोळ्यांनी बघायचं असेल, तर १९ व्या शतकातला हा कागद बघा. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ एतियेन-ज्यूल मारे याने १८८५ साली छापलेल्या ग्रंथात पॅरिस ते लिऑं रेल्वेचं वेळापत्रक असं दिलंय. आडवी वेळ, उभी स्थानकं. स्थानकांमधलं अंतर जेवढं, तेवढीच कागदावर जागा. प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेषा. रेषा जितकी उभी, तितकी गाडी जलद. गाडी स्थानकात थांबली की रेषा आडवी होते, कारण वेळ जातो पण अंतर तेवढंच राहतं. उलट दिशेची गाडी उलटी तिरकी. दोन रेषा छेदल्या की तिथे दोन गाड्या एकमेकींना भेटल्या.

मुलांना हा आलेख दाखवा आणि काही समजावू नका. "सगळ्यात जलद गाडी शोधा" एवढंच म्हणा. 'रेषेचा चढ' हा शब्दही न ऐकलेलं पोर सगळ्यात उभ्या रेषेवर बोट ठेवतं.

पण इथेच एक खड्डा आहे. मारेच्या कागदावर सगळ्या गाड्या एकाच प्रमाणात काढल्या आहेत, म्हणून डोळ्यावर विश्वास ठेवता येतो. कागद दोन झाले की डोळा फसतो. बाई आपल्या दुसऱ्या टाकीचीच रेषा दोनदा काढतात. एकदा उभ्या अक्षावर एका चौकटीला ८ लिटर धरून, एकदा ४० लिटर धरून. पहिली रेषा ताठ चढते, दुसरी जेमतेम डोकं वर काढते. दर तोच, मिनिटाला ८. रेषा "झोपली" म्हणून पाण्याचा वेग कमी होत नाही. वर्तमानपत्रात दोन आलेख शेजारीशेजारी दिसले की आधी अक्षांवरचे आकडे बघायची सवय इथूनच लागते. मोठ्यांना ती असतेच असं नाही.

(मेणबत्तीची ज्योत, अगदी जवळून. मेण ओघळतं.)

आतापर्यंत सगळं वाढत होतं. आता घटणारं बघू.

एक मेणबत्ती २४ सेंटिमीटर उंच, तासाला २ सेंटिमीटर जळते. ही शब्दांत दिलीय. दुसरीचा आलेख दिलाय: १८ सेंटिमीटरपासून निघून तासाला १ सेंटिमीटर उतरणारी रेषा. जास्त काळ कोण जळेल?

उंच मेणबत्तीला मतं पडतात. पण उंच मेणबत्ती १२ तासांत संपते, बुटकी १८ तास पुरते. सहाव्या तासाला दोघी बरोब्बर १२ सेंटिमीटरवर येतात आणि तिथून बुटकीच उंच ठरते. उंची ही सुरुवातीची किंमत, आणि जळणं हा दर. मुलांच्या मनात या दोन गोष्टी इतक्या चिकटलेल्या असतात की त्या सोडवायला मेणबत्तीइतकं चांगलं साधन मला दुसरं दिसत नाही.

मग एक शहाणं पोर विचारतंच. "बाई, पहिलीचा दर उणे २ आणि दुसरीचा उणे १. उणे १ मोठा ना? मग दुसरी जास्त वेगाने जळते?"

हा प्रश्न टाळू नये. संख्या म्हणून उणे १ मोठाच आहे. पण 'जास्त वेगाने' असं विचारलं की आपण बदलाचं आकारमान विचारतो. चिन्ह फक्त दिशा सांगतं, वर की खाली. बाई संख्यारेषा काढतात, शून्यापासून दोघांची अंतरं मोजायला लावतात, आणि पुढे सरकतात. यावर तास घालवायची गरज नसते.

(लाकडी उतार. त्यावरून घरंगळणारा पितळी गोळा.)

सरळ रेषेच्या बाबतीत एक सोय असते. दर एकच असतो, कुठूनही मोजा. पण सगळ्या गोष्टी सरळ चालत नाहीत.

गॅलिलिओने उतारावरून गोळा सोडून त्याचं अंतर मोजलं. सेकंद दाखवणारं घड्याळ त्याच्याकडे नव्हतं. बारीक नळीतून पाणी पडू द्यायचं आणि जमलेल्या पाण्याचं वजन करायचं, हेच घड्याळ. १६३८ साली छापलेल्या ग्रंथात त्याने निष्कर्ष मांडला: वेळेचे समान तुकडे घेतले, तर त्या तुकड्यांत कापलेली अंतरं १, ३, ५, ७ अशी विषम संख्यांच्या क्रमाने वाढतात. त्यांची बेरीज करत जा: १, ४, ९, १६. वर्गसंख्या!

बाई हाच गोळा फळ्यावर आणतात. शेजारी दुसरा गोळा, सपाटीवर एकाच वेगाने जाणारा, प्रत्येक ठोक्याला, म्हणजे वेळेच्या प्रत्येक समान तुकड्याला, ५ एककं. घर्षण वगैरे बाजूला ठेवू. सपाटीवरचा: ५, १०, १५, २०, २५. उतारावरचा: १, ४, ९, १६, २५.

"कोण वेगात?"

वर्ग गप्प. आणि ही गप्प राहण्याची पहिलीच वेळ आहे. "कधी विचारताय त्यावर आहे," कुणीतरी पुटपुटतं.

नेमकं हेच हवं होतं. पहिल्या ठोक्यात उतारावरचा १ पुढे सरकला, सपाटीवरचा ५. दुसऱ्यात ३ विरुद्ध ५. तिसऱ्या ठोक्यात ५ विरुद्ध ५, इथे बरोबरी. चौथ्यात ७ विरुद्ध ५. म्हणजे उतारावरचा गोळा वेगात पुढे गेला तो चौथ्या ठोक्याला. पण जागेवर गाठलं कधी? पाचव्या ठोक्याच्या शेवटी, दोघेही २५ वर असताना. चौथ्या ठोक्याला तो अजून मागेच आहे, १६ विरुद्ध २०. मागे आहे, तरी वेगात आहे.

"मागे असून वेगात कसा?" हा प्रश्न काही मुलांना खरोखर टोचतो. टोचू द्यावा. टाक्यांच्या वेळी हेच घडलं होतं, मेणबत्त्यांच्या वेळीही. पण तेव्हा दर बदलत नव्हता, म्हणून कुणाला वेगळं वाटलं नाही.

(प्रयोगशाळेचं टेबल. एक चंचुपात्र, एक शंकुपात्र. दोन्हींवर उभी चिकटवलेली कागदी पट्टी.)

शेवटचा भाग हाताने करायचा आहे. दोन्ही पात्रं २५० मिलिलिटरची. मोजपात्राने दर वेळी २५ मिलिलिटर पाणी ओतायचं आणि पाणी जिथपर्यंत चढेल तिथे पट्टीवर पेनाने खूण करायची. त्याआधी, ओतलेलं पाणी आडव्या अक्षावर आणि पाण्याची उंची उभ्या अक्षावर घेऊन, आलेख कसा येईल त्याचा अंदाज वहीत काढायचा.

शंकुपात्रासाठी बऱ्याच वह्यांत एक गमतीदार आकृती सापडते. खाली रुंद, वर निमुळती, चक्क शंकुपात्राचं चित्र! आलेख म्हणजे वस्तूचं चित्र नव्हे, हे मुलांना सांगून पटत नाही. पाणी ओतल्यावर पटतं.

ओतायला सुरुवात होते. चंचुपात्राची भिंत सरळ, त्यामुळे खुणा एकसारख्या अंतरावर, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. शंकुपात्राचं बूड रुंद, पहिली खूण जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरवर. चंचुपात्रातली त्याहून जरा वर. "चंचुपात्र जिंकतंय," कुणीतरी जाहीर करतं. दुसरी खूण, तिसरी खूण, शंकुपात्र अजून मागेच. पण त्याच्या खुणांमधली फट मोठी होत चाललीय. पात्र निमुळतं होतंय, तेवढ्याच पाण्याला पसरायला जागा कमी, म्हणून ते उंच चढतंय. गळ्याजवळ आल्यावर एका ओतण्यात पाणी दोन-तीन सेंटिमीटर उडी मारतं. पुढच्या ओतण्याला काठावरून टेबलावर सांडतं आणि दोन वह्या भिजतात.

फडकं फिरतं. बाई दोन्ही पट्ट्या सोडवून टेबलावर शेजारीशेजारी ठेवतात, तळ जुळवून.

"दोन्हींत पाणी सारख्या उंचीवर कुठल्या खुणेला आलं, तिथे बोट ठेवा."

चार-पाच बोटं एकाच जागी जमतात.

"आता, दोन खुणांमधली फट दोन्ही पट्ट्यांवर सारखी कुठे आहे?"

बोटं हलत नाहीत. मग मागच्या बाकावरची ती मुलगी कंपासपेटीतून कर्कटक काढते, चंचुपात्राच्या पट्टीवर दोन खुणांमध्ये त्याची टोकं टेकवते, आणि तेवढंच अंतर धरून शंकुपात्राच्या पट्टीवर खालून एकेक फट मोजत वर येते. कर्कटक थांबतं. इतरांची बोटं अजून तिच्या बरीच वर आहेत.

(कर्कटकाची दोन टोकं, ओल्या कागदावर. पडदा काळा होतो.)