किरण रुग्णातून येतात : न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्टचं प्रशिक्षण

(दृश्य : हॉट लॅब, म्हणजे किरणोत्सारी औषधं तयार करायची खोली. शिशाच्या जाड काचेमागे हातमोजे घातलेले दोन हात.)

एक्स-रे काढणाऱ्याला एक सोय असते. बटण सोडलं की किरण थांबतात. न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये असं बटणच नाही. इथे किरणोत्सारी औषध रुग्णाच्या शिरेत जातं, हाडांत किंवा हृदयाच्या स्नायूत जाऊन बसतं, आणि किरण तिथून बाहेर येतात. वर फिरणारा गॅमा कॅमेरा स्वतः काहीच सोडत नाही, तो फक्त टिपतो.

म्हणजे किरणांचा स्रोत आहे तो समोरचा माणूस. त्याला आधार द्यायचा, हात धरून टेबलावर झोपवायचं, आणि तरीही त्याच्याजवळ गरजेपेक्षा जास्त वेळ थांबायचं नाही. टेक्नॉलॉजिस्टचं सगळं प्रशिक्षण या ओढाताणीभोवती फिरतं.

वर्गातला अभ्यास मोठा आहे. शरीररचना, किरणांचं भौतिकशास्त्र, औषधांचं रसायन, यंत्रं, सुरक्षेचे नियम आणि स्पेक्ट-सीटी, पेट-सीटी ही जोडयंत्रं (किरण टिपणारा स्कॅनर आणि सीटी एकत्र) आल्यापासून सीटीसुद्धा. पण विद्यार्थ्याची खरी दमछाक करतं ते अर्धायुष्य, म्हणजे द्रव्याची किरणोत्सारिता निम्मी व्हायला लागणारा वेळ.

(दृश्य : डोस कॅलिब्रेटरचा, म्हणजे औषधातली किरणोत्सारिता मोजणाऱ्या यंत्राचा पडदा. आकडा हळूहळू उतरतो आहे.)

या विभागात सर्वांत जास्त वापरलं जाणारं द्रव्य म्हणजे टेक्नेशियम-९९एम. त्याचं अर्धायुष्य ६ तास. सकाळी आठ वाजता बाटलीत २ मिलिलिटरमध्ये ४० मिलिक्युरी (किरणोत्सारितेचं एकक) आहेत असं धरू. हाडांच्या स्कॅनसाठी २० मिलिक्युरी हवे असतील, तर आठ वाजता १ मिलिलिटर पुरेल. रुग्ण अकरा वाजता आला, तर तेवढ्याच डोससाठी सुमारे १.४ मिलिलिटर घ्यावं लागेल. रुग्ण उशिरा आला, शीर सापडली नाही, कॅमेरा अडला, की हिशोब पुन्हा मांडायचा. पेट स्कॅनच्या फ्लोरिन-१८चं अर्धायुष्य तर ११० मिनिटंच. तिथे कारणं सांगायला सवडच नसते.

टेक्नेशियम साठवून ठेवता येत नाही, म्हणून ते विभागातच मिळवतात. शिशाच्या कवचातल्या जनरेटरमध्ये मॉलिब्डेनम-९९ असतं, त्याचं अर्धायुष्य ६६ तास. त्यातून सतत टेक्नेशियम तयार होत राहतं, आणि रोज सकाळी सलाइन सोडून ते काढून घ्यायचं. वॉल्टर टकर आणि मार्गारेट ग्रीन यांनी ब्रूकहेवन प्रयोगशाळेत हा जनरेटर विकसित केला. त्याच सुमारास, १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात, हॅल अँगर यांनी गॅमा कॅमेरा घडवला. आजचा विभाग बराचसा या दोन कामांवर उभा आहे.

काढलेल्या द्रवात मॉलिब्डेनम उतरलं नाही ना, हे तपासायला विद्यार्थी शिकतो. बाटली शिशाच्या भांड्यात ठेवून मोजतात. टेक्नेशियमचे किरण शिशात अडतात, मॉलिब्डेनमचे जास्त ऊर्जेचे किरण त्यातून पार होतात. मग औषधाच्या कुपीत ते टेक्नेशियम घालायचं, तेही आत हवा न जाऊ देता. हवा शिरली तर कुपीतलं कथिलाचं संयुग बिघडतं, टेक्नेशियम औषधाला नीट चिकटत नाही, आणि हाडांच्या स्कॅनवर भलतीच जठर आणि थायरॉइड उजळतात. सकाळचा तो निष्काळजीपणा दुपारी डॉक्टरांच्या पडद्यावर दिसतो. म्हणून रुग्णाला देण्याआधी औषधाची शुद्धता तपासायची.

(दृश्य : टंगस्टनच्या आवरणातली सिरिंज. विद्यार्थी साध्या सलाइनवर सराव करतो आहे.)

हे हात असे एकाएकी तयार होत नाहीत. आधी साध्या सलाइनवर सराव करायचा. बाटली कुठे, झाकण कुठे, सुई कोणत्या कोनात, हे सगळं हातात बसेपर्यंत. हातात बसलं की वेळ वाचतो, आणि वाचलेला वेळ म्हणजे टळलेला डोस. अंतराचा हिशोब आणखी सरळ आहे : स्रोत लहान असेल, तर दुप्पट लांब गेलं की किरणांची मात्रा चौथ्या भागावर येते. म्हणूनच उघडी बाटली बोटांनी न उचलता चिमट्याने उचलतात. छातीवर किरणांची मात्रा मोजणारा बॅज असतो, बोटात अंगठीसारखं मोजमापाचं साधन असतं, तेही हातमोज्याच्या आत. बोटांची टोकं स्रोताच्या सर्वांत जवळ असतात, त्यांचा विसर पडून चालत नाही.

कर्मचाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे ती वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्टची (शरीराला मिळणाऱ्या किरणांच्या मात्रेचं एकक), पाच वर्षांच्या सरासरीने, आणि कोणत्याही एका वर्षात ५०च्या वर नाही. शिस्तीत चालणाऱ्या विभागात माणसं या मर्यादेच्या बरीच खाली राहतात. भीती बाळगून हे काम होत नाही, आणि भीड चेपली म्हणून सवय मोडूनही होत नाही. गरोदर राहिल्याचं कळताच कर्मचारी स्त्रीने ते सांगावं, कामाची वाटणी त्याप्रमाणे बदलते. तिने ते बिनधास्त सांगावं असं वातावरण विभागात असायलाच हवं.

(दृश्य : इंजेक्शनची खोली. खुर्चीत एक वयस्क बाई, समोर विद्यार्थिनी.)

आता रुग्णाकडे वळू. किरणोत्सारी हा शब्द ऐकूनच अनेकांचा चेहरा उतरतो. त्यांना वेळ द्यायला हवा. अनुभवी टेक्नॉलॉजिस्ट तो इंजेक्शनच्या आधी देतात. नाव, जन्मतारीख, कोणती तपासणी, गरोदरपण, स्तनपान, सगळे प्रश्न आणि सगळ्या शंका आधी. काय होणार, किती वेळ लागेल, कॅमेरा चेहऱ्याच्या किती जवळ येईल, तेही आधीच. मग औषध द्यायचं. नंतर बोलायचं ते दोन पावलं मागे सरून, पण नजर रुग्णावरच ठेवून. नवख्याला हे तुटक वाटतं. नीट केलं तर रुग्णाला ते जाणवतही नाही.

पेट स्कॅनमध्ये तर रुग्णाची काळजी हीच तांत्रिक बाब होते. औषध साखरेसारखं असतं आणि काम करणारा स्नायू ते ओढून घेतो. जवळपास तासभर शांत पडून राहायचं, कारण बोलणं, चघळणंही चित्रात उमटतं. थंडी वाजली तर मानेभोवतीची, शरीराला ऊब देणारी तपकिरी चरबी उजळते. अंगावर पांघरूण घालणं म्हणजे स्कॅन वाचवणं.

(दृश्य : पडद्यावर हाडांचा स्कॅन. उजव्या कमरेजवळ एक गडद ठिपका.)

हा ठिपका पाहा. कर्करोग हाडात पोचला, की कपड्यावर लघवीचा थेंब पडला? औषध मूत्रावाटे बाहेर जातं, म्हणून थेंबही तितकाच गडद दिसतो. इथे विद्यार्थ्याची परीक्षा असते. कपडा बदलायला सांगायचा, त्वचा पुसायची, बाजूने पुन्हा चित्र घ्यायचं. ठिपका गेला तर एका माणसाची नाहक धास्ती टळली. राहिला, तर डॉक्टरांसमोर खात्रीचं चित्र गेलं. अहवाल डॉक्टर लिहितात, पण या खोलीतला हा निर्णय टेक्नॉलॉजिस्टचा असतो. माझ्या मते या पेशाचा खरा मान इथे आहे.

पुढे उपचारांची बाजूही खुली होते. १९४१मध्ये सॉल हर्ट्झ यांनी थायरॉइडच्या रुग्णाला किरणोत्सारी आयोडीन दिलं. आज ल्युटेशियम-१७७ काही कर्करोगांत वापरलं जातं. तिथे डोस मोठे असतात आणि घरी जाणाऱ्या रुग्णाला लहान मुलांपासून, गरोदर स्त्रियांपासून किती दिवस अंतर ठेवायचं तेही समजावून सांगावं लागतं.

हा अभ्यासक्रम घ्यायचा विचार असेल, तर अशा विभागात एक दिवस घालवायची परवानगी मागा. कॅमेऱ्याजवळ उभे राहालच. पण सकाळचं औषध भरताना आणि पहिल्या रुग्णाशी बोलताना टेक्नॉलॉजिस्ट काय करतात, ते आधी बघा.