सगळे म्हणजे कोण?

(दिवाळी मेळाव्यातलं भाषण, किंचित संपादित)

नमस्कार मंडळी. फराळाची ताटं लागेपर्यंत पाच मिनिटं बोला, असं मला सांगितलंय. म्हणजे तुमच्या आणि चकलीच्या मध्ये आता मीच उभी आहे. थोडं सोसा.

गोष्ट 9 नोव्हेंबरची. माझी लेक शाळेतून आली ती दप्तर टाकून थेट देवघरापाशी. "आई, पितांबरी कुठंय?" मला वाटलं, बयेला समया घासायची हुक्की आली. तर तिला दगड घासायचे होते. आपल्या बर्लिनच्या फुटपाथवर ते 10 सेंटिमीटरचे पितळी चौकोन असतात ना, श्टोल्परश्टाइन, ते. नाझींनी नेलेल्या माणसांच्या आठवणीचे, त्यांच्याच घरांसमोर बसवलेले. गुंटर डेम्निग या कलाकाराने हे काम सुरू केलं, आज युरोपभर 1 लाखाच्या वर झालेत. आपण रोज त्यांच्यावर पाय देऊन यू-बान, म्हणजे मेट्रो, गाठतो. मी 11 वर्षं गाठतेय. आमच्या दारासमोर तीन आहेत, हे मला त्या दिवशी कळलं.

दोघी गुडघ्यांवर बसलो. पितांबरी लावून चोळलं तसं काळं पाणी सुटलं आणि खालून अक्षरं वर आली. इथे राहत होती. जन्म 1933. 1943 साली नेलं. आउश्वित्झच्या छळछावणीत मारलं. आईचा, वडिलांचा आणि मुलीचा दगड एकाच मापाचा. लेकीने बोटांवर मोजलं आणि म्हणाली, "माझ्याएवढी."

घरी आलो तर बाबा नुकतेच बाहेरून आलेले. ते अलिबागहून आलेत तीन महिन्यांसाठी. एस-बान लोकलने त्यांना थंडीत चाळीस मिनिटं ताटकळत ठेवलं होतं, त्यामुळे आधीच तापलेले. चहाचा पहिला घोट घेऊन म्हणाले, "इथे काय आणि आपल्याकडे काय, पाच वर्षं एक हिटलर पाहिजे. सगळे सरळ होतील."

लेक हात पुसत होती. तिने विचारलं, "सगळे म्हणजे कोण कोण, आजोबा?"

खोचकपणे नाही हो. तिला खरंच नावं हवी होती.

पुढचं भांडण आमच्या घरचं आहे, ते सांगत नाही. आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे इथे बसलेत, त्यांनी ते तसंही ऐकलंय.

गंमत अशी, की हेच बाबा लहानपणी शनिवार तेल्यांच्या घरी मलिदा खायला जायचे. वर्गातला जिवलग मित्र बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला ज्यू, आपल्यासारखाच मराठी बोलणारा. तो इस्रायलला गेला तेव्हा बाबा रडले होते, हे आजी सांगायची. तो मित्र आणि हे वाक्य बाबांच्या डोक्यात शेजारी शेजारी राहतात, पण त्यांची कधी गाठच पडलेली नाही.

आणि मी तरी कुठली शहाणी! गेल्या गणपतीत याच माइकवरून मी आपल्या खजिनदारांची ओळख "आमच्या वर्गणीचे हिटलर" अशी करून दिली. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. बर्लिनमध्ये! शाळेतल्या गणिताच्या सरांनाही आपण हेच म्हणायचो. शिस्त म्हटली की आपल्या तोंडी हेच नाव. पुण्यात फुटपाथवर त्याचं पुस्तक करिअर मार्गदर्शनाच्या गठ्ठ्यात मिळतं, आणि आपण भाव करून घेतो.

गाड्या वेळेवर हव्यात ना? मग एकदा ग्रुनेवाल्ड स्टेशनच्या 17 नंबर फलाटावर जाऊन या. इथून बर्लिनच्या ज्यूंना गाड्यांत भरून मरणाकडे धाडलं. कडेने 186 लोखंडी पट्ट्या आहेत. प्रत्येकीवर तारीख, किती ज्यू, कुठून कुठे. पहिली ऑक्टोबर 1941 ची. शेवटची 27 मार्च 1945: फक्त 18 माणसं. युद्ध हरल्यात जमा, शहराचा ढिगारा झालेला, तरी 18 जणांना धाडायची सोय कुणीतरी केली. तिकीटबाबू, गार्ड, कारकून, सगळे कामावर हजर. अशा हजर माणसांच्या जोरावर युरोपभरात सुमारे 60 लाख ज्यू मारले गेले.

पण मला सगळ्यात लागली ती श्योनेबेर्गमधली पाटी. तिथे बायरिशर प्लाट्झच्या आसपास दिव्यांच्या खांबांवर त्या काळचे नियम आता स्मारक म्हणून टांगलेत. ज्यूंना अंडी मिळणार नाहीत. ज्यूंनी मांजर-कुत्रं पाळायचं नाही. हे 1942 चे. आणि एक 1933 ची पाटी: गायन मंडळांतून ज्यूंना वगळण्यात येत आहे.

मंडळ, मंडळी! आपल्यासारखंच असणार. तालमी, वर्गणी, डिसेंबरचा कार्यक्रम, कोण सोलो गाणार यावरून रुसवे. एका संध्याकाळी तिथे कुणीतरी यादी वाचली असेल. बाकीच्यांनी काय केलं असेल? बहुतेक पुढचं गाणं घेतलं असेल. आपल्या मागच्या बैठकीत "अमक्या लोकांना सभासद करून घ्यायचं का" अशी कुजबुज झाली, ती माझ्याही कानावर आली होती. मी इतिवृत्तात लिहिली नाही. विषय वाढायला नको म्हणून.

बाबा आज दुसऱ्या रांगेत बसलेत. मी हे बोलणार हे त्यांना सांगितलंय. "बोल," एवढंच म्हणाले. लेकीला अजून त्यांनी उत्तर दिलेलं नाही, तिनेही पुन्हा विचारलेलं नाही.

काल त्यांच्या शाळेच्या ग्रुपवर तेच वाक्य पुन्हा आलं, खाली तिरंगा आणि नमस्काराचे हात. फोन टेबलावर उघडाच होता. 17 अंगठे पडले होते. त्यात बाबांचा होता का, ते मी पाहिलं नाही.